विश्लेषण : काजू वर्षातून एकदा, हप्ता मात्र दरमहा, खर्च उत्पन्नापुढे गेला तर घरचे कर्ज आवरायचे कसे?

शिरोडा-रेडी पट्ट्यातील बहुतेक घरांत पैसा हंगामाने येतो. खर्च मात्र बारमाही असतो आणि कर्जाचा हप्ता तर तारीख चुकवत नाही. या विसंगतीतून आधी उसनवारी, मग सोने तारण आणि शेवटी मोबाइलवरचे झटपट कर्ज अशी साखळी सुरू होते. ती कुठे तोडायची, कोणते कर्ज आधी फेडायचे, हप्ता थकणार असेल तर कोणाशी बोलायचे आणि कायदा कर्जदाराच्या बाजूने कुठे उभा राहतो, याचा हा आढावा.

शिरोड्याच्या घरात पैसा येतो कसा?

वेंगुर्ला तालुक्यातील शिरोडा हे गाव मे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे देशाला माहीत झाले. इथल्या मिठागरांचे कामच इथल्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप सांगते. मीठ पिकते ते कोरड्या महिन्यांत; पाऊस पडला की काम थांबते. काजूची बी साधारण फेब्रुवारी ते मे या काळात हाती येते, आंबा एप्रिल-मेमध्ये. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि खवळलेल्या समुद्रात रापणही घालता येत नाही. वेळागरच्या किनाऱ्यावर येणारा पर्यटक दिवाळी ते मे या काळातला.

याला जोड असते ती गोव्यातील नोकरीची. पेडणे, म्हापसा, पणजी आणि आता मोपा विमानतळ परिसरात या भागातले अनेक तरुण कामाला जातात. पगार दरमहा येतो, पण त्यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी. हॉटेलातील काम तर पर्यटनाच्या हंगामाशीच बांधलेले. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर ही एके काळी कोकणातील घरांची भिस्त होती. तिची जागा आता बँक खात्यात किंवा यूपीआयने येणाऱ्या पैशाने घेतली आहे, पण तो किती येईल आणि कधी येईल, हे आजही खात्रीने सांगता येत नाही.

उत्पन्न कायमचे आहे असे धरून कर्ज काढले की काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात २०१२ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा हप्त्यावर ट्रक घेतलेली असंख्य कुटुंबे एका फटक्यात अडचणीत आली. ट्रक दारात उभा आणि बँकेचा तगादा सुरू. शेवटी गोवा सरकारला २०१४ मध्ये खाणबंदीग्रस्त कर्जदारांसाठी कर्जसवलत योजना आणावी लागली. रेडीच्या लोहखनिजाच्या जोरावर संसार उभे केलेल्या या पट्ट्याला तो धडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ही अडचण फक्त आपल्याकडचीच आहे का?

नाही. नाबार्डच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय ग्रामीण वित्तीय समावेशन सर्वेक्षणानुसार ग्रामीण व निमशहरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १२,६९८ रुपये, तर उपभोगावरचा खर्च ११,२६२ रुपये होता. म्हणजे महिन्याकाठी शिल्लक जेमतेम चौदाशे रुपये. ५२ टक्के कुटुंबांवर काही ना काही कर्ज होते. एखादे आजारपण, एखादे लग्न किंवा तौक्तेसारखे एखादे वादळ आले की ही शिल्लक पुरत नाही.

दुसरा बदल कर्जाच्या कारणात झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या वित्तीय स्थैर्य अहवालानुसार देशातील घरगुती कर्जात घराव्यतिरिक्तच्या किरकोळ कर्जांचा वाटा मार्च २०२५ मध्ये ५४.९ टक्के होता. यात वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, वाहन कर्ज, सोने तारण अशी कर्जे येतात. त्यातला मोठा भाग खर्चून संपतो. त्यातून घर किंवा बागायत उभी राहत नाही.

कर्ज वाढते ते नेमके कुठून?

सिंधुदुर्गात एक जास्तीची अडचण आहे, ती सामाईक सातबाऱ्याची. बाग एकजण राखतो, पण उताऱ्यावर दहा-वीस नावे. त्यातले निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. अशा जमिनीवर पीक कर्ज किंवा तारण कर्ज मिळवायचे तर सहहिस्सेदारांची संमती लागते. ती जमवता जमवता हंगाम निघून जातो. स्वस्तातला स्वस्त पैसा असा दारातच अडतो आणि घर महाग पैशाकडे वळते.

एरवी वेळेत फेडलेले तीन लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही आहे. म्हणजे एकाच गावात एक घर शून्य टक्क्याने पैसा वापरते आणि पलीकडचे घर शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. दोघांच्या कष्टात फरक नसतो. फरक असतो तो कागदपत्रांत. त्यामुळे वारसनोंद आणि वाटप ही कामे कर्जाच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहेत. चतुर्थीला सगळे भाऊबंद गावी येतात, तेव्हा एक दिवस यासाठी राखून ठेवला तर पुढची अनेक वर्षे सोपी होतील.

‘शेकडा तीन’ म्हणजे नेमके किती?

व्याज महिन्याच्या भाषेत सांगितले की लहान वाटते. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्यावर कर वेगळा. बचत गटातील अंतर्गत कर्ज शेकडा एक रुपयाने घेतले तर वर्षाला १२ टक्के. बँकेचे सोने तारण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. कोणतेही कर्ज घेताना ‘महिन्याला किती’ याऐवजी ‘वर्षाला किती टक्के आणि एकूण किती परत करायचे’ हे दोन प्रश्न विचारावेत. किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांनी सर्व शुल्कांसह वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे आता बंधनकारक आहे. ते मागून घ्या, वाचा आणि मगच सही करा.

तूट मोजायची कशी?

इथे महिन्याचा हिशेब फसवतो. हंगामी उत्पन्नाच्या घराने बारा महिन्यांचा हिशेब मांडायला हवा. समजण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ.

घरातील कर्ता गोव्यात कामाला, पगार १८,००० रुपये. घरातील बाई शिवणकाम आणि कोकम-पापडातून सरासरी ३,००० मिळवते. काजूच्या बागेतून खर्च वजा जाता हंगामात ६०,००० रुपये सुटतात. वर्षाचे उत्पन्न झाले ३,१२,००० रुपये. महिन्याचा घरखर्च १७,०००.

या घरावरची कर्जे अशी : व्याजी घेतलेले ४०,००० (शेकडा तीन, फक्त व्याज १,२०० रुपये), क्रेडिट कार्डाची थकबाकी ३०,००० (किमान भरणा १,५००), दुचाकीचे उरलेले कर्ज ५०,००० (हप्ता ३,०००), बचत गटाचे ३०,००० (हप्ता २,०००) आणि सोने तारण ८०,००० (व्याज वर्षाला ८,०००). एकूण कर्ज २,३०,००० आणि दरमहा भरणा ७,७००.

महिन्याला २१,००० येतात आणि २४,७०० जातात. म्हणजे तूट ३,७००. घरातल्यांना वाटते, एवढे काय, काजूचे पैसे आले की भरून निघेल. पण वर्षातून एकदाच येणारे खर्च यात धरलेले नाहीत. चतुर्थी २५,०००, जूनमधील शाळेचा खर्च १५,०००, घर शाकारणी आणि आगोट १०,०००, दवाखाना व विमा १०,००० आणि सोन्याचे व्याज ८,०००. हे झाले ६८,००० रुपये. वर्षाचा एकूण खर्च ३,६४,४०० वर जातो आणि तूट निघते ५२,४०० रुपयांची.

हाच तो आकडा, जो बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसतो. दरवर्षी कर्ज तेवढ्याने वाढते. तरी घरात कोणी उधळपट्टी करत नाही, म्हणून चूक कुठे होते हे कळत नाही. वहीत बारा रकाने आखून हा हिशेब एकदा मांडला की घरातील निम्मी भांडणे थांबतात. मग पैसे कोणी खर्च केले, हा प्रश्न मागे पडतो आणि तूट कुठे आहे, हे सगळ्यांना दिसते.

कोणते कर्ज आधी फेडायचे?

काजूचे पैसे हातात आले की बहुतेक घरांत पहिला विचार दागिने सोडवण्याचा असतो. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. बाईचे सोने गहाण आहे हे घराला लागून राहते, शिवाय चतुर्थीला पाहुणे येणार असतात. पण हिशेब वेगळे सांगतो.

हातात ४०,००० रुपये आहेत असे धरा. ते सोने तारणात भरले तर वर्षाला ४,००० रुपये व्याज वाचेल. तेच व्याजी कर्जात भरले तर १४,४०० वाचतील. म्हणजे दागिने आधी सोडवण्याची किंमत वर्षाला १०,४०० रुपये पडते. म्हणून नियम एवढाच : ज्याचे व्याज सर्वांत जास्त, ते कर्ज आधी. बाकीच्यांचा ठरलेला हप्ता न चुकवता भरायचा आणि हाती येणारा जास्तीचा प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जावर टाकायचा.

याला दोन अपवाद. एक, सोने तारणाची मुदत संपत आली असेल तर तिकडे आधी लक्ष द्यावे. मुदत उलटली, नोटिशीकडे दुर्लक्ष झाले तर दागिने लिलावात जातात. निदान व्याज भरून नूतनीकरण करता येईल का, हे मुदतीच्या आधीच शाखेत विचारावे. दुसरा, घर किंवा बाग ज्या कर्जाला तारण आहे, त्याचा हप्ता कधीही मागे ठेवू नये.

सगळी कर्जे एकत्र करणे फायद्याचे का?

फायद्याचे आहे, पण एका अटीवर. वरच्या घराने व्याजी आणि कार्डाचे मिळून ७०,००० रुपये फेडण्यासाठी बचत गट, बँक किंवा पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज घेतले, तर हप्ता साधारण २,३२५ रुपये बसेल. आज त्या दोन कर्जांवर ते घर महिन्याला २,७०० रुपये भरते आणि मुद्दल कमी होते ते जेमतेम ४५० रुपयांनी. व्याजी कर्जाचे मुद्दल तर जागचे हलतच नाही. नव्या कर्जात हप्ता थोडा कमी आणि छत्तीस महिन्यांनी दोन्ही कर्जे संपलेली.

अशा वेळी सोन्याचाही विचार करता येतो. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे आधीच गहाण असलेल्या दागिन्यांवर वाढीव रक्कम मिळू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या सोने तारणावर मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. कर्ज पूर्ण फेडल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत न केल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई देण्याची तरतूदही त्यात आहे. दहा टक्क्यांचे कर्ज काढून ३६ टक्क्यांचे फेडणे शहाणपणाचे आहे. दहा टक्क्यांचे काढून चतुर्थी साजरी करणे मात्र ऋण काढून सण करण्यासारखेच.

पण हे करूनही वर्षाला वाचतात ते साडेचार हजार. तूट ५२,४०० ची होती, ती ४७,९०० वर येते. कर्जे एकत्र केल्याने गळती थांबते, पण तूट मिटत नाही. अनेक घरे इथेच फसतात. एकत्रीकरणाने कार्ड मोकळे होते आणि सहा महिन्यांत ते पुन्हा भरते. म्हणून अट ही, की कार्ड बंद करायचे आणि व्याजी माणसाकडून फेडल्याची लेखी पावती व दिलेला कोरा धनादेश किंवा कागद त्याच दिवशी परत घ्यायचा.

मग उरलेली तूट कशी भरून काढायची?

खर्च कमी करून आणि उत्पन्न थोडे वाढवून. तिसरा रस्ता नाही. उदाहरणातील घराने महिन्याचा खर्च १७,००० वरून १५,००० वर आणला तर वर्षाला २४,००० वाचतील. चतुर्थी २५,००० ऐवजी १५,००० मध्ये केली तर आणखी १०,०००. उरतात १३,९००, म्हणजे महिन्याला साधारण ११६० रुपये जास्त मिळवायचे. काजू हंगामात सगळी बी एकदम न विकणे, सुट्टीच्या काळात पर्यटकांना घरगुती जेवण देणे, कोकम-फणसपोळीची विक्री, किंवा शिकून घरी बसलेल्या मुलाने हंगामापुरते काम धरणे, अशा मार्गांनी ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही.

महिन्याचे दोन हजार कुठून काढायचे? आधी बघायचे ते न दिसणारे खर्च. गोव्याला रोज एकट्याने दुचाकीवर जाण्याऐवजी तिघांनी मिळून जाणे, दोन-तीन मोबाइल रिचार्जची योजना बदलणे, हप्त्यावर घेतलेल्या वस्तू, दुकानातील उधारीची वही. उधारीत भाव विचारला जात नाही आणि नको असलेली वस्तूही घरात येते. मासळी किंवा मुलांचे शिक्षण यांवर आधी कात्री चालवू नये. ताटातले आणि वहीतले कमी केले की घर योजना सोडून देते.

चतुर्थीचा विषय नाजूक असतो. माटवी, भजनी मंडळींचा फराळ, फटाके, मुंबईहून आलेल्यांचा पाहुणचार हे सगळे मानाशी जोडलेले. पण एकाच गणपतीच्या घरात चार भाऊ असतील तर खर्चाचीही वाटणी व्हायला हवी. गावी राहणाऱ्यानेच सगळा भार उचलायचा, हा रिवाज आता परवडणारा नाही. हे जुलैमध्येच फोनवर स्पष्ट बोललेले बरे. विसर्जनानंतर बोलले तर तो हिशेब भांडणाचा होतो.

पहिले दीड वर्ष अवघड जाईल. पण त्यानंतर बचत गटाचा आणि दुचाकीचा हप्ता संपतो आणि महिन्याला ५,००० रुपये मोकळे होतात. ते सोन्याकडे वळवले तर पुढच्या दीड वर्षात दागिने घरी येऊ शकतात. घरातील बाईला ही तारीख आधीच दाखवून ठेवली तर तिची साथ मिळते. न विचारता तिचे सोने ठेवले आणि न विचारता ते सोडवणे पुढे ढकलले, तर मिळत नाही.

हप्ता थकणार असे दिसले तर?

थकण्याच्या आधी शाखेत जा. कर्ज ९० दिवस थकले की ते अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर बँकेचे हात नियमांनी बांधले जातात. त्याआधी मुदत वाढवणे, हप्ता कमी करणे किंवा हंगामाशी जुळवून घेणे यावर बोलता येते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नोकरी गेली, आजारपण आले, वादळात बाग पडली, जे कारण असेल त्याचा कागद जोडावा.

हप्ता पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे, हे लक्षात ठेवावे. करोनाकाळात मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये हप्ते थांबवण्याची मुभा होती, पण त्या काळातील व्याज चालूच राहिले. तसेच ‘थोडे भरा, बाकी सोडतो’ अशी तडजोड स्वीकारली तर पत अहवालात ते कर्ज ‘तडजोडीने मिटवलेले’ असे दिसते आणि पुढे कर्ज मिळणे कठीण होते. दुसरा मार्गच नसेल तरच तडजोड करावी आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत. चारही पतमापन कंपन्या वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत देतात, तो पाहून ठेवावा.

विलंबाबद्दल बँक किंवा वित्तसंस्था दंड आकारू शकते, पण २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो दंडव्याज म्हणून आकारता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. घरी येऊन गटाने कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्यांनाही मर्यादा आहेत. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण द्यायचे असते आणि त्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. हे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही.

जामीनदाराचे काय?

पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या कर्जात जामीनदार लागतो आणि गावात तो शेजारी, मेहुणा किंवा सोबत काम करणारा असतो. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला तर त्याच्या मालमत्तेवरही टाच येऊ शकते. त्यामुळे हप्ता अडणार असेल तर बँकेनंतर दुसरा निरोप जामीनदाराला द्यायला हवा. त्याला नोटिशीतून कळले तर पैसे परत मिळतील, संबंध मिळणार नाहीत. आणि आपल्याकडे कोणी जामीन मागायला आले तर ‘हे कर्ज उद्या मला फेडावे लागले तर फेडेन का?’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

सावकार त्रास देत असेल तर?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्के एवढेच व्याज घेता येते. शेकडा तीन रुपये हा दर कोणत्याच खान्यात बसत नाही. व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त वसुली करण्यासही मनाई आहे. जुन्या लोकांना दामदुपटीचा नियम म्हणून तो ठाऊक असतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. बेकायदा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज घेतले असेल तर?

आधी कर्ज देणारी मूळ संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते पाहावे. नियमित कर्ज अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळते. नियमानुसार अ‍ॅपला तुमची संपर्क यादी, फोटो किंवा कॉलची नोंद पाहता येत नाही, कर्जाची रक्कम थेट तुमच्याच खात्यात यायला हवी आणि किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत मिळायला हवी. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येते. जे अ‍ॅप नातेवाइकांना फोन करते, फोटो विकृत करून पाठवण्याची धमकी देते, ते कर्ज देणारे नसून खंडणीखोर आहे. त्याचे तोंड बंद करण्यासाठी दुसऱ्या अ‍ॅपवरून पैसे काढू नयेत. संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. तो क्रमांक आहे १९३०. शिरोडेकरांना हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही.

वसुलीवाल्यांबाबतही नियम आहेत. बँका व वित्तसंस्थांच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी किंवा चारचौघांत अपमान करायचा नाही. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. निव्वळ कर्ज न फेडता येणे हा फौजदारी गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. मात्र दिलेला धनादेश न वटणे हा गुन्हा ठरू शकतो, म्हणून कोरे धनादेश कोणालाही देऊ नयेत. न्यायालयाची नोटीस आली तर ती टाळू नये. लोकअदालतीत तडजोडीची संधी असते आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांसह पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी क्रमांक १५१००.

पुन्हा कर्जात न जाण्यासाठी काय करावे?

कोकणातील घराला आगोट नवी नाही. पाऊस दाराशी येण्याआधी तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा, मीठ-मिरची भरून ठेवायची, कारण पुढचे चार महिने बाजार आणि समुद्र दोन्ही बेभरवशाचे. पैशाचेही तसेच करता येते. काजू-आंब्याचे पैसे खात्यात आले की त्याच आठवड्यात त्यांचे तीन भाग करावेत : जूनचा शाळेचा व घराचा खर्च, चतुर्थी आणि दवाखाना. प्रत्येकाचे वेगळे आवर्ती किंवा मुदत ठेव खाते काढले की तो पैसा डोळ्यांआड राहतो. पर्यटन हंगामात पगाराबरोबर वरकमाई होत असेल तर तिचा निम्मा भाग जून-जुलैच्या हप्त्यांसाठी बाजूला पडायला हवा.

नवे कर्ज काढताना एक कसोटी लावावी. हप्ता हंगामातील उत्पन्न पाहून ठरवू नये. जुलैमध्ये घरात जेवढा पैसा येतो, त्यातून तो भरता येईल का ते पाहावे. जुलैत झेपतो तो हप्ता वर्षभर झेपतो.

आणि हे कर्ज घरातल्यांपासून लपवू नये. कर्जाने माणूस खचतो तो रकमेपेक्षा एकट्याने ओझे वाहिल्याने. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. दोन लाख तीस हजारांचे कर्ज तीन-साडेतीन वर्षांत फिटू शकते, हे वरच्या हिशेबाने दिसलेच. त्यासाठी वही उघडून सगळ्यांनी एकत्र बसायला हवे, आणि ते काजूचा पैसा घरात येण्याच्या आधी.